साहेबांचा ‘हो’

आमच्या सहकारी बँकेत राउटर बसवले ते कॉम्प्युटर विभागाच्या आमच्या साहेबांनीच. दोन हजारच्या दशकाच्या अखेरीस ते भंगारात काढायचे ठरले, तेव्हा साहेबांच्या निवृत्तीलाही आठवडाच उरला होता. राउटर म्हणजे शाखा मुख्य कचेरीला जोडणारा डबा. त्याच्या पोटात सेटिंगची फाइल असते, आणि आमच्या सगळ्या शाखांचा पासवर्ड एकच. फाइल न पुसता डबा बाहेर गेला, तर बँकेची किल्लीच बाजारात गेली म्हणायचं.

साहेबांचा दुसऱ्यांच्या हातावर भरवसा नव्हता. एकेक डबा लॅपटॉपला जोडून त्यांनी स्वतः पुसला. भंगारवाला टेम्पो भरून गेला आणि आम्ही चहा मागवला. पुसलेल्यांतला एक डबा टेबलाखाली चुकून राहिला होता. मी सहज चालू केला, तर फाइल जशीच्या तशी!

फाइल पुसून राउटर पुन्हा चालू करायला गेलं, की तो विचारतो, सेव्ह करू का? तिथं ‘नाही’ म्हणायचं असतं; ‘हो’ म्हटलं, की चालू असलेली जुनी सेटिंग पुन्हा फाइलीत लिहिली जाते. साहेब प्रत्येक वेळी ‘हो’ म्हणत होते. लोडशेडिंगच्या काळात त्यांनी आमच्याकडून एकच गोष्ट घोटून घेतली होती: मशीन काहीही विचारो, आधी सेव्ह. मी हे सांगितलं आणि साहेबांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांच्या नोकरीला शेवटच्या आठवड्यात बट्टा लागणार होता.

माझ्या स्कूटीवर मागं बसून ते निघाले. नशिबानं फुटबॉलची मॅच नुकतीच सुटली होती आणि शिवाजी पेठेत टेम्पो त्या गर्दीत एका तालमीसमोर अडकला होता. भंगारवाल्याला फार समजवावं लागलं नाही.

“हितंच पुसा की साहेब, तालमीत लाईट हाय,” तो म्हणाला.

पैलवानांनी डबे उतरवले, कट्ट्यावर लॅपटॉप मांडला. काय चाललंय ते पोरांना दुसऱ्याच डब्याला कळलं. मग प्रश्न आला की सगळी तालीम गरजायची, “न्हाय म्हणा, साहेब!” साहेब हसत ‘नाही’ टाइप करायचे. मला तर हसून हसून पोटात दुखायला लागलं.

शेवटचा डबा राधानगरी शाखेचा निघाला, त्यांनी भर पावसात बसवलेला अगदी पहिला. तिथं साहेबांचा हात थांबला. त्यांनी सावकाश ‘नाही’ टाइप केलं. डबा पुन्हा चालू झाला, तेव्हा पडद्यावर शाखेचं नाव नव्हतं, नुसतं ‘राउटर’ होतं.

“झालं पोरी,” साहेब म्हणाले, “आता ह्यो मला वळखत न्हाय.”