वडील येईपर्यंत

आमच्याकडे ऑपरेशनच्या कागदावर पेशंटची सही कुणी मागत नाही. पेशंट बाई असेल तर नाहीच नाही. नवरा, सासरा, दीर, गावचा एखादा पुढारी, ज्याचा आवाज मोठा त्याच्यापुढे कागद सरकवायचा. नगरला सर्जन म्हणून इतकी वर्षं काढली, मीही तेच करत आलो.

ती पाथर्डीकडची, ऊसतोडीला सोनईच्या बाजूला आलेली. उसाची भरलेली ट्रॉली उलटली आणि ती खाली सापडली. सकाळी दहाला आणली तेव्हा धापा टाकत होती, पण पूर्ण शुद्धीवर होती. एक्स-रेत डाव्या छातीत फुप्फुसाच्या जागी जठर दिसत होतं. छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा फाटला होता आणि पोटातलं वर घुसलं होतं. अशा वेळी जठराला पीळ पडतो, त्याचा रक्तपुरवठा तुटतो, ते सडायला लागतं. ऑपरेशन लगेच करायचं, यात दुसरं मत नाही.

नवऱ्यापुढे कागद धरला. तो मागे सरकला.

"तिच्या बापाला यू द्या, सायेब. उद्या कमी-जास्त झालं तर माहेरचे म्हनतील, यांनीच मारली."

टोळी घेऊन आलेल्या मुकादमानं मान डोलावली. "माहेरचं मानूस पायजेच."

मी चिडलो, जीव जाईल म्हणून सांगितलं, आणि मग थांबलो. कायदा मला पाठ होता. जीव धोक्यात असेल तर कुणाच्याही सहीवाचून ऑपरेशन करता येतं. पण मागच्याच वर्षी एका मयताच्या नातेवाइकांनी आमच्या काचा फोडल्या होत्या आणि मी मागच्या दारानं पळालो होतो. त्या काचांची मला तिच्या श्वासापेक्षा जास्त काळजी वाटली, हे आता सरळ लिहून टाकतो. नाकातून नळी घातली, ऑक्सिजन लावला, रक्त मागवून ठेवलं आणि या सगळ्याला उपचार म्हणत बसलो.

वडील तीनला पोचले. पाथर्डीत जीप भरेपर्यंतच तास गेला म्हणाले. काहीही न विचारता त्यांनी अंगठा उठवला.

पोट उघडलं. पडद्याला हाताचा पंजा आरपार जाईल एवढी फट होती. जठर खाली ओढलं तर ते अर्ध्याहून अधिक काळं पडलेलं, एका जागी फुटलेलं, छातीत सगळी घाण झालेली. मेलेला भाग कापला, छाती धुतली, पडदा जाड दोऱ्यानं शिवला. शिवण उत्तम झाली होती. तिचा काडीचा उपयोग झाला नाही. जंतूंचं विष रक्तात भिनलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

मयत ताब्यात घेण्याच्या कागदावर वडिलांनी अंगठा लावला. शाई धोतराला पुसत त्यांनी मला विचारलं, "आनली तवा ती बोलत हुती का?"

"हो."

"मंग तिलाच इचारायचं हुतं. सातवी शिकल्याली हुती. सही यायची तिला."

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही, तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. त्या पाच तासांत तिनं मला दोनदा विचारलं होतं, "सायेब, कवा करताय?" आणि दोन्ही वेळा मी म्हणालो होतो, "तुमचे वडील येऊ द्या."