दोन ट्रंका आणि एक पाटी

शिरूरच्या स्टँडवर बीडची एसटी लागली, तरी आप्पा आले नाहीत. माझा धाकटा भाऊ महेश बॅगा टपावर चढवून खाली उतरला आणि म्हणाला, आप्पा हातातलं काम टाकून येणार नाहीत, तूच जाऊन ये. कंडक्टरला विनवून मी दुकानाकडे धावले. बीडहून पुणे, पुण्याहून मुंबई, तिथून अमेरिका असा माझा पल्ला होता, आणि वडील दुकानात बसून माझ्या पुस्तकांच्या दोन ट्रंकांना चिंधी बांधत होते.

गावचा हा अंक वाचणाऱ्या तुमच्यापैकी जे शिरूर कासारलाच राहिलात त्यांना ही चिंधी सांगावी लागणार नाही. जे माझ्यासारखे बाहेर गेलात, त्यांच्या मुलांसाठी सांगते. आमचं कापडाचं दुकान. दिवाळी झाली की आसपासची कितीतरी घरं कुलपं लावून ऊसतोडीला निघायची. जाण्याआधी पितळेची भांडी, लग्नातलं लुगडं, जमिनीचे कागद असं जे काही मोलाचं असेल ते पेटीत घालून आप्पांकडे ठेवायची. पावती नाही, वहीत नोंद नाही. आप्पा ताग्याच्या कडेची एक पट्टी फाडत आणि तिचे हातानेच दोन तुकडे करत. एक पेटीच्या कडीला, दुसरा मालकाच्या मुठीत. सहा महिन्यांनी माणूस परतला की दोन तुकड्यांच्या फाटलेल्या कडा जुळवून बघायच्या. आप्पा प्रत्येकाला चेहऱ्याने ओळखत, तरी कडा जुळवल्याशिवाय पेटी हलत नसे. ह्याला ते अमानत म्हणत. दुसऱ्याच्या अमानतीला हात लावायचा नाही, एवढंच त्यांनी आम्हा भावंडांना शिकवलं, बाकीचं शाळेवर सोडलं.

मी त्यांची मुलगी, पुस्तकं घरचीच. तरीही त्यांनी निळ्या पॉपलीनचा तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "उमे, तू येस्तोवर ह्या उघडायच्या न्हाईत. मी बी न्हाई, मह्या बी न्हाई." मला हसू आलं. एसटी हॉर्न वाजवत होती. मी तुकडा पासपोर्टच्या पिशवीत कोंबला आणि पळाले.

ती सगळी वर्षं पळापळीचीच होती. गावात नुकतेच पिवळे टेलिफोन बूथ आले होते, आणि दोन हजार साल लागताना जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडतील म्हणून आमच्यासारख्यांना विमानात भरून नेत होते. कॉम्प्युटर काही बंद पडले नाहीत. मी मात्र तिकडेच राहिले. दर दोन-तीन वर्षांनी घर बदलायचं, दर वेळी पुस्तकांची खोकी कुणाला तरी देऊन टाकायची. पॉपलीनचा तुकडा कोणत्या अपार्टमेंटमध्ये राहिला, तेही आठवत नाही.

मग ई-बुक रीडर निघाले आणि मी पहिल्या झटक्यातच एक घेतला. खोटं कशाला बोलू, मी त्याच्या प्रेमात पडले. दोनशे पुस्तकं पर्समध्ये. ट्रेनमध्ये एका हाताने धरून वाचा. अडलेल्या शब्दावर बोट ठेवा, अर्थ समोर. अक्षर हवं तेवढं मोठं करा. वाळवी नाही, धूळ नाही, घर बदलताना पाठ मोडणं नाही. खटकायचं तेही होतं. वाचून झालेलं पुस्तक मैत्रिणीच्या हातात देता यायचं नाही. किती वाचलं ते टक्क्यांत दिसायचं, बोटांना कळायचं नाही. विकत घेतलेलं पुस्तक खरोखर माझं आहे की कंपनीने मला वाचू दिलंय, ह्याचाही कधी उलगडा झाला नाही. पण ह्या तक्रारी मी जेवणाच्या टेबलावर गमतीने करायची, पोट भरलेल्या माणसाने कराव्यात तशा.

आप्पांची नजर कमी झाली तेव्हा मला वाटलं, हे यंत्र त्यांच्यासाठीच निघालंय. नवं घेतलं, ओळखीच्या एकाने पाठवलेल्या मराठी पुस्तकांच्या फायली त्यात भरल्या आणि पाच वर्षांनी शिरूरला आले. आप्पांच्या मांडीवर ते ठेवलं, अक्षर सगळ्यात मोठं केलं, चालू केलं. पडद्यावर ओळीने चौकटी आल्या, नुसत्या रिकाम्या चौकटी. त्या यंत्राला मराठी येतच नव्हतं. विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं हे खरं, पण मीही विचारलं नव्हतं. इतकी वर्षं मी त्यावर फक्त इंग्रजी वाचत होते आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आप्पांनी मात्र माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि बटण दाबून पुढचं पान काढलं. मग त्याच्या पुढचं. चौकटींची दहा-बारा पानं त्यांनी वाचल्यासारखी उलटली. "पाटी लई हलकी हाय," म्हणाले.

मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडते. म्हटलं, राहू द्या हे, माझ्या ट्रंका काढते, त्यातलं रोज मीच वाचून दाखवते. आप्पांनी पाटी मांडीवरून खाली ठेवली. मी दुकानात गेले. ट्रंकांच्या जागी महेशने मोबाइलचं काचेचं काउंटर मांडलं होतं.

मग मी महेशला काय काय बोलले ते लिहिताना आजही कान तापतात. विश्वासघातकी म्हणाले. परदेशात बहीण राबते आणि तू तिची पुस्तकं रद्दीत घालतोस, म्हणाले. दुकानात गिऱ्हाईक होतं, तेही उठून गेलं. महेशने माझं सगळं ऐकून घेतलं, मग शटर अर्धं खाली ओढलं.

"ताई, काउंटर करायच्या टायमाला मी तुला फोन केलता. ट्रंकांचं काय करू म्हनून इचारलं. तू म्हन्लीस, दे कुणाला बी, माझी सगळी पुस्तकं आता पर्समधी मावत्यात."

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि आठवलं. मी ट्रेनमध्ये होते, मांडीवर रीडर होता, दुसऱ्या फोनवर ऑफिस वाट बघत होतं. मी तसं म्हणाले होते. हसत म्हणाले होते.

आप्पा डोळ्यांच्या ऑपरेशनला बीडला होते तेव्हा महेशने ट्रंका देऊन टाकल्या. परत आल्यावर त्यांनी रिकामी जागा पाहिली आणि महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. मी विचारलं, मग माझं नाव कावून सांगितलं नाहीस? 'का' नाही, 'कावून'; इतक्या वर्षांनी गावाकडचा तो शब्द माझ्या तोंडी आपोआप आला. तो म्हणाला, पोरीनंच अमानत टाकून दिली हे त्यांना जास्त लागलं असतं.

त्या संध्याकाळी आप्पांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. आवाज अगदी साधा होता. "उमे, माझ्याच्यानं तुझी अमानत संभाळली गेली न्हाई. माझ्याच पोरानं घालवली. आता मी कुणाचीच पेटी ठिवत न्हाई."

महेश माझ्याकडे बघत होता. त्याला काही बोलायचं नव्हतं, मी बोलावं म्हणून तो थांबला होता. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "जाऊ द्या आप्पा, झालं ते झालं." म्हणजे मी माफ केलं. महेशला माफ केलं! तो उठून बाहेर गेला.

दोन वर्षांनी आप्पा गेले. भेटायला येणाऱ्यांत ऊसतोडीची एक म्हातारी होती. महेशच्या हातचा चहा घेत ती मला म्हणाली, बाई, तुझा बाप लई सच्चा, पण पोरानं घरात अमानत ठिवली न्हाई. महेशने तिच्या कपात आणखी चहा ओतला. तेव्हाही मी गप्पच बसले.

गावाने दगा दिला, भावाने दगा दिला, यंत्राने दगा दिला, असं मी तिकडच्या मराठी मंडळींत कितीतरी वर्षं सांगत आले. ऐकणाऱ्यांना पटायचं, प्रत्येकाकडे तशी एखादी गोष्ट असते. दुसरी गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. शिरूरमध्ये आजही माझं नाव चांगलं आहे आणि त्याच्या नावाला डाग आहे, आणि ज्या घरी मी सुट्टीत जाऊन उतरते ते घर तो डाग घेऊन उभं आहे. परदेशात राहून मला घराची आठवण येते असं मी म्हणते तेव्हा खरं तर मला त्या संध्याकाळची भीती वाटत असते.

म्हणून हे कागदावर छापून यावं असा मी हट्ट धरला, दुकानादुकानांतून वाचलं जावं म्हणून. ट्रंका महेशने घालवल्या नाहीत. मी त्याला द्यायला सांगितल्या, आणि आप्पांसमोर त्याला चोर ठरू दिलं. हे वाचल्यावर शिरूरचं घर माझं राहील की नाही, ते महेशनेच सांगावं.