अर्धा मुका बाजा

उकंडा मुनेश्वरविषयी लिहायचे तर आधी त्याच्या गालांविषयी लिहिणे क्रमप्राप्त आहे. हडकुळ्या देहावर ते गाल दुसऱ्या कोणाचे तरी मागून आणल्यासारखे दिसत. सनई फुंकून फुंकून ते तसे झाले होते. मी त्याला एकवचनाने संबोधतो, कारण तो माझा बालमित्र. त्याने मात्र मी शिक्षक झाल्या दिवसापासून मला 'मास्तर' म्हटले, आणि तेही बहुधा थट्टेनेच.

नेरपासून अडीच कोसांवरच्या आमच्या गावात सनई त्याच्या घराण्याकडे होती. लग्न असो वा बारसे, त्याचे वडील आणि चुलते यजमानाच्या दारात बसून वाजवीत. मांडवात त्यांना जागा नसे. पंगती उठल्यावर उरलेले अन्न त्यांच्या वाट्याला येई. उकंडाने नवव्या वर्षी सनई तोंडाला लावली आणि विशीत तालुक्यात नाव मिळवले.

१९५६ च्या ऑक्टोबरात आमची सगळी वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. परतल्यावर पहिल्याच रविवारी सभा भरली आणि गावात वाजवण्याचे काम कायमचे सोडावे असे ठरले. चिटणीस मी होतो. ठरावात फट राहू नये या दक्षतेने मी लिहिले : 'फुंकून अथवा बडवून वाजविण्याचे कोणतेही वाद्य वस्तीतील कोणीही, कोठेही, कोणत्याही निमित्ताने वाजविणार नाही.' पहिला हात उकंडाचा वर गेला. घरी जाऊन त्याने सनई फडक्यात गुंडाळली, आढ्याला बांधली आणि नेरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला.

त्याने सनई सोडली खरी; गालांना ते कोणी कळवले नसावे. रिकामी बाटली, बंदुकीच्या काडतुसाचे टरफल, जे हाती येईल ते तो फुंके. एकदा त्याची पत्नी सत्यशीला माझ्याकडे गाऱ्हाणे घेऊन आली.

"मास्तर भाऊ, तुमच्या दोस्ताले काही सांगा. चूल फुका म्हटलं तं फुंकणीवर गाणं वाजवून राह्यले. जाळ काही लागत नाही."

"लागते ना," उकंडा मागून म्हणाला. "चुलीले नाही लागत, हिच्या तोंडाले लागते."

१९५९ च्या थंडीत तो नेरच्या बाजारातून आपल्या सात वर्षांच्या मुलीसाठी, गंगीसाठी, एक तोंडाचा बाजा घेऊन आला. शहरात त्याला माउथ ऑर्गन म्हणतात. मुलीसाठी आणलेला हा बाजा मुलीच्या हाती तिसऱ्या दिवशी पडला. मधले दोन दिवस तो वडिलांच्या परीक्षेत अडकला होता आणि परीक्षेत नापास झाला होता.

"अर्धा मुका हाये, मास्तर," उकंडाने मला सांगितले. "सा बोलते, ग बोलते, प बोलते. रे कुठी गेला? म, ध, नी? अर्धाच माल भरला लेकाच्यानं."

पुढच्या बाजारी तो दुकानदार घनश्यामशेठशी भांडावयास गेला. शेठजींना स्वतःला वाजवता येत नव्हते. त्यांनी सौजन्याने खोक्यातला दुसरा बाजा पुढे केला. उकंडाने तो फुंकला, मग तिसरा, मग चौथा. खोक्यातले सहाच्या सहा बाजे अर्धे मुके निघाले.

"शेठ, तुमची सारी पेटीच खराब आली," असा निर्वाळा देऊन तो आपला बाजा घेऊन परतला. शेठजी सहा बाजे पुसत बसले.

या चुकीचे कारण सांगितले पाहिजे, कारण ती एखाद्या अनाडी माणसाच्या हातून होणारी नव्हे. ती मुरलेल्या सनईवाल्याकडूनच व्हावी. सनईवाला श्वास नाकाने घेतो आणि तोंडाने अखंड सोडतो. तोंडाने हवा आत ओढावी लागली, म्हणजे दम तुटला, म्हणजे चारचौघांत नाचक्की झाली, हे त्याला लहानपणीच शिकवलेले असते. या बाजाचे मात्र अर्धे सूर हवा बाहेर सोडल्यावर वाजतात आणि अर्धे आत ओढल्यावर. उकंडाने पंचवीस वर्षांत तोंडाने काही आत ओढले असेल तर तो चहा.

कोडे गंगीने सोडवले, तेही पळता पळता. शेजारची मुले मागे लागली म्हणून ती बाजा दातांत धरून अंगणभर धावली, आणि धाप लागताच बाजा दोन्ही श्वासांना वाजू लागला. ती तशीच वडिलांपुढे येऊन उभी राहिली.

"बाबा, रे इथंच हाये! वढला का येते!"

त्यानंतरचा प्रसंग मी स्वतः पाहिला. तालुक्यात नाव मिळवलेला पस्तिशीचा वादक आपल्या मुलीसमोर मांडी घालून बसला होता आणि ती त्याला शिकवत होती. "फुका नोको ना, बाबा. वढा. वढा म्हनते ना!" उकंडा ओढायचा आणि गाल सवयीने फुगायचे. गंगीने अखेर दोन्ही तळव्यांनी ते दाबून धरले.

एवढे साधल्यावर मुले जमण्यास वेळ लागला नाही. रविवारी दुपारी वस्तीच्या निंबाखाली सतरंजी पसरली जाई. मुले अकरा, बाजा एक. उकंडाची पद्धत अशी, की आधी सर्वांनी रिकाम्या मुठी तोंडासमोर धरून श्वास सोडायचा आणि ओढायचा. ज्याचा श्वास चुकेल त्याने निंबाला एक फेरी मारायची. मग बाजा क्रमाने फिरे. प्रत्येकानंतर उकंडा तो धोतराच्या सोग्याला पुसे आणि पुढच्याला देई. ठरावाचा दर रविवारी असा उघड भंग होत होता, हे चिटणीस या नात्याने मला ठाऊक होते. त्या वेळी मी शाळेचे हजेरीपट तपासत असे आणि खिडकी लावून घेत असे. खिडकीची एक झडप नीट लागत नसे, हेही नमूद करतो.

१९६१ साली पाटलांचा माणूस निरोप घेऊन आला.

"बुधवारी पाटलाइच्या नातवाचं बारसं हाये. पोट्टे घेऊन ये अन् दारात वाजव. सारे जेवून जासान."

निरोप वस्तीभर झाला आणि दुसऱ्याच सकाळी मारोतीबाबांनी सभा बोलावली. मारोतीबाबा वस्तीतले सर्वांत वडील. हसणे त्यांना वर्ज्य नव्हते, पण ते जपून वापरत.

"आज पोट्ट्याइच्या तोंडात बाजा, उद्या पोट्टे पाटलाच्या दारात," ते म्हणाले. "आपन सोडलं ते लेकरं धरतीन. मास्तर, ठराव वाचा."

मी वाचला. माझ्या वाक्यात खरोखरच कोठे फट नव्हती. त्या दिवशी प्रथमच मला त्याचे वाईट वाटले.

उकंडाने खिशातून बाजा काढला आणि मारोतीबाबांसमोर ठेवला.

"पहिला हात माझाच होता. तुम्ही म्हनसान तं हाही आढ्याले बांधतो, सनईच्या बाजूले. पन एक सांगा बाबा, ठराव कायच्यासाठी केलता? वाजवाचं नाही म्हनून, का दारात बसाचं नाही म्हनून?"

मारोतीबाबांनी बाजा उचलून उलटसुलट करून पाहिला.

"दारात बसाचं नाही म्हनून," ते म्हणाले.

"मंग हे पोट्टे कोनाच्या दारात बसले? आपल्या निंबाखाली बसते."

"अन् पाटलाले काय सांगाचं?"

"सांगा, दारात कोनी येनार नाही. आयकाचं असन तं त्याइनं इकडं यावं. शिकाचं असन तं रविवारी यावं. सतरंजी मोठी हाये."

"पाटील बसते तुह्या सतरंजीवर!" कोणीतरी मागून म्हणाले. सभा हसली आणि मारोतीबाबांनीही आपले शिलकीतले थोडे हसू खर्चले. बाजा त्यांनी स्वतःच्या हाताने उकंडाला परत दिला.

मी 'कोठेही, कोणत्याही निमित्ताने' हे शब्द खोडून त्यावर 'दुसऱ्याच्या दारी' असे लिहिले. माझ्या वहीतली ती एकमेव खाडाखोड. पाटलांना द्यायचा निरोपही मीच शुद्ध भाषेत लिहून पोहोचवला. उत्तर आले नाही. बारशाला दारव्ह्याहून बँड आला.

बारशानंतरच्या तिसऱ्या रविवारी पाटलांची आठ वर्षांची नात एकटीच निंबाखाली आली आणि सरळ सतरंजीवर चढली.

"चपला बाहीर, बाई," उकंडा म्हणाला.

तिने चपला काढल्या. रिकाम्या मुठीने श्वास चुकला म्हणून निंबाला फेरीही मारली. मग बाजा फिरू लागला आणि तिची पाळी बारावी आली. अकरा तोंडांना लागलेला बाजा उकंडाने नेहमीप्रमाणे सोग्याला पुसला आणि तिच्यासमोर धरला. सगळी मुले तिच्या तोंडाकडे पाहू लागली. माझ्या खिडकीची झडप त्या दिवशी पूर्णच उघडी होती.

"घे ना वो," गंगी म्हणाली. "चावत नाही तो."

मुलीने बाजा तोंडाला लावला आणि सर्व बळ एकवटून फुंकला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिने तो तीनदा फुंकून पाहिला. मग कपाळाला आठ्या घालून तिने तो खाली घेतला.

"अर्धे वाजतच नाही. खराब हाये हा."

दारात धान्य पाखडत बसलेल्या सत्यशीलेचे सूप थांबले. "घ्या," ती म्हणाली, "आनखी एक सनईवाली आली."

उकंडाचे गाल हळूहळू फुगत गेले. या खेपेस ते हसू आवरण्यासाठी होते.

"गंगे," तो म्हणाला, "सांग तिले."

गंगी सरकून तिच्याजवळ बसली आणि दोन्ही तळव्यांनी तिचे गाल दाबून धरले.

"वढ," ती म्हणाली.