पांढऱ्या दगडावरचं खोबरेल

माझे सासरे अमेरिकेत, आमच्याकडे ॲन आर्बरला राहायला आले ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, एका ऑक्टोबरमध्ये. उन्हाळ्यात त्यांना सोलापूरला अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेला होता. बोलणं साफ होतं, चालताना उजवा पाय जरासा ओढला जायचा, पण उजव्या हाताची पकड गेली होती. सासूबाई आधीच वारल्या होत्या. माझा नवरा हा त्यांचा एकुलता एक मुलगा, विद्यापीठात संशोधनाच्या नोकरीत. त्याने सुट्टी काढली, सोलापूरला जाऊन वडिलांना घेऊन आला आणि विमानतळावरून घरी येतानाच सांगून टाकलं, की आता परत जायचा विषय नाही.

बाबांनी, आम्ही त्यांना बाबाच म्हणायचो, त्यावर वाद घातला नाही. दोन-चार दिवस गेल्यावर जेवताना ते म्हणाले, "एक ठरवू. माझी दाढी मला माझ्या हाताने, माझ्या वस्तऱ्याने करता आली, तर मी सोलापूरला जाणार आणि एकटा राहणार. नाही आली, तर घर विकायच्या कागदांवर तू म्हणशील तिथे सही करतो आणि इथेच राहतो."

"डील," नवरा म्हणाला. त्याला खात्री होती, की हे होणार नाही.

वस्तरा त्यांनी पायमोज्यात गुंडाळून सामानातून आणलेला होता. उघडा, घडीचा, काळ्या मुठीचा. नवऱ्याने तो कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला आणि त्यांना इलेक्ट्रिक शेव्हर आणून दिला.

"बटण दाबायचं, फिरवायचं, झालं."

"हे गवत कापायचं यंत्र आहे. हा चेहरा आहे, तुमचं लॉन नाही."

"बाबा, हात थरथरतो तुमचा."

"म्हणूनच म्हणतोय."

वस्तरा खाली आला, पण त्याला धार नव्हती. बोथट वस्तरा धारदार वस्तऱ्यापेक्षा धोक्याचा. तो कातडीवर अडतो, आणि अडला की हात जोर लावतो. त्यामुळे आधी दगड हवा होता. सोलापूरच्या घरी त्यांचा एक दगड होता, पण वजनामुळे मागे ठेवलेला.

धारेशी त्यांचा संबंध फक्त दाढीपुरता नव्हता. निवृत्त होईपर्यंत ते एका सरकारी मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागात तंत्रज्ञ होते. तपासणीसाठी आलेला मांसाचा तुकडा मेणात बसवून त्याचे कागदाहून पातळ काप काढतात. त्यासाठी लांब, जड सुरी लागते, आणि ती तेव्हा हाताने, एका पिवळट दगडावर साबणाच्या पाण्यात लावली जायची. त्यांच्या नोकरीतल्या बहुतेक सकाळी अशा सुरू झाल्या होत्या. घरच्या वस्तऱ्यालाही ते तसेच लावायचे.

लग्नापूर्वी मी पुण्याच्या एका दैनिकात उपसंपादक होते. इथे नवऱ्याच्या व्हिसावर मला नोकरीची परवानगी नव्हती, त्यामुळे दिवसभर घरात बाबा आणि मी असायचो. मुलगी दुपारी शाळेतून यायची. दगड शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण गाडी मी चालवायचे.

हार्डवेअरच्या दुकानात सुऱ्यांना लावायचे यंत्रात बनवलेले दगड मिळाले. बाबांनी त्यावर अंगठ्याचं नख ओढून पाहिलं आणि परत ठेवले. "हा कुऱ्हाडीला बरा." आमच्या ओळखीतले एक डॉक्टरकाका होते, नागपूरकडचे, मिशिगनमध्ये बरीच वर्षं मुरलेले. बाबांच्या हाताकडे तेच बघायचे. त्यांनी रविवारी भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या बाजारांबद्दल सांगितलं. एड्सच्या नव्या आजाराच्या भीतीने न्हाव्यांनी उघडे वस्तरे बंद करून फेकायची पाती घेतली आहेत, त्यामुळे त्यांचं जुनं सामान बाजारात येतंय, असं ते म्हणाले. दगडावर हात चालवायला त्यांची हरकत नव्हती. "रबरी बॉल दाबण्यापेक्षा बरं. बॉल तर ते टीव्ही बघत मांडीवरच ठेवतात, मला माहितेय यार."

त्या हिवाळ्याआधीच्या रविवारी आम्ही असे बरेच बाजार पाहिले. जत्रेच्या मैदानावरच्या लांब शेडमध्ये टेबलं मांडलेली असायची. दिवे, बाहुल्या, मासे पकडायच्या काठ्या, आणि कुठेतरी बुटांच्या खोक्यात न्हाव्याचं सामान. दगड बहुधा तळाशी, साबणाच्या वडीएवढे, तेलाने काळे पडलेले. विकणाऱ्यांना ते काय आहेत हे नेहमी माहीत असायचंच असं नाही.

बाबांची परीक्षा ठरलेली होती. दगड बोटांच्या टोकांवर तोलून नखाने वाजवायचा. आवाज खणखणीत आला तर आत चीर नाही. मग कोपऱ्यावर थुंकी लावून ओलावा किती वेळ टिकतो ते पाहायचं. लगेच आत मुरला तर दगड सच्छिद्र, धारेच्या शेवटच्या कामाला नको. हे थुंकीचं प्रकरण मला अवघड जायचं. मी बाजूच्या टेबलावरच्या कपबश्या बघत उभी राहायचे.

पहिला घेतला तो बेल्जियमकडचा, वर पिवळा थर आणि खाली पाटीसारखा काळसर. दोन्ही थर जमिनीतूनच जोडीने येतात असं बाबा म्हणाले. लॅबमधल्या दगडाच्या जातीचा, पण मधोमध चिरलेला निघाला. दुसरा हिरवट, ठिसूळ. ह्यूरन नदीच्या काठाला फिरायला गेलो की ते खिशात चपटे दगडही भरून आणायचे आणि एकमेकांवर घासून सपाट करून पाहायचे. मागच्या काचेच्या पोर्चमध्ये खिडकीखाली ओळ लागली. मुलगी एकदा म्हणाली, "आजोबा, दीज आर जस्ट रॉक्स."

"तुझे आजोबापण तसेच. घासल्याशिवाय कळत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजी करून सांगितलं. ती म्हणाली, "ही इज वियर्ड," आणि एक दगड घासायला घेऊन बसली.

शेवटी हवा तो दगड मिळाला. अर्कान्सामधला, पांढरा, कडेला उजेड धरला तर किंचित आरपार दिसणारा. विकणारी बाई साठीची होती, तिचा काका न्हावी होता. बाबांनी दगड वाजवून पाहिल्यावर ती हसली. "माझा काकापण असंच करायचा," ती म्हणाली. मग मला सांगितलं, "यांना सांग, याला पाणी नको. लाइट ऑइल. नेहमी तेलच."

बाबांनी ते ऐकलं. आयुष्यभर त्यांनी पाण्यावर धार लावली होती. पण दगड तिचा, प्रांत तिचा. "ज्या गावचा दगड त्या गावची रीत," असं म्हणाले. घरी येऊन त्यांनी लाइट ऑइल शोधलं. आमच्या घरात तेलं दोन होती. एक तळणाचं, एक डोक्याला लावायचं. त्यांनी खोबरेल घेतलं.

नोव्हेंबरपासून ते रोज सकाळी स्वेटर, कानटोपी घालून पोर्चमध्ये बसू लागले. पोर्चला हीटिंग नव्हतं. ते म्हणायचे, उजेड तिथेच चांगला. दगड टेबलावर, खाली ओलं फडकं. वस्तरा असा आडवा ठेवायचा, की पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतील. धारेच्या बाजूने पुढे न्यायचा, टोकाला पाठीवर पालटायचा, परत आणायचा. उजव्या हाताने मूठ, डाव्या हाताची दोन बोटं आधाराला. सुरुवातीला पालटताना वस्तरा निसटायचा. हळूहळू निसटेनासा झाला. हालचाल सुधारत होती, ती मलाही दिसत होती. धार मात्र लागत नव्हती. वस्तरा दगडावरून काचेवरून घसरावा तसा जायचा. ते मनगटावरचे केस भादरून पाहायचे. एकही कापला जायचा नाही.

बाहेर बर्फ वाढला तसं ते अधिक वेळ बसू लागले. कोन चुकतोय म्हणून तपासला. चामड्याच्या पट्ट्यावर जास्त फिरवून पाहिला. मग एका सकाळी ते लवकर आत आले, वस्तरा पुसला, पायमोज्यात घातला आणि मला म्हणाले, "ठेव वरती."

"आज थंडी जास्त आहे," मी म्हणाले.

"थंडी नाही. दाब कळत नाही आता बोटांना. धार दाबावर असते. मला वाटतं मी सारखा लावतोय, पण तो सारखा लागत नाही. दगड चांगला आहे. हात गेला."

संध्याकाळी त्यांनी मुलाला सांगितलं, "काढ तुझे ते कागद." नवऱ्याला हेच हवं होतं. पण तो "बरं" म्हणाला आणि उठून उगाचच फ्रीज उघडून उभा राहिला. दुसऱ्या दिवसापासून बाबा इलेक्ट्रिक शेव्हर वापरायला लागले. ते टीव्हीसमोर बसायचे. बॉल मांडीवर असायचा. डॉक्टरकाकांनी दोनदा विचारलं, "काय, धार कुठवर आली?" आणि तिसऱ्यांदा विचारलं नाही.

जानेवारीत एकदा जरा ऊन पडलं आणि पोर्चच्या छपरावरचा बर्फ वितळून पाणी आत आलं. फरशी पुसायची म्हणून मी टेबलावरचं सगळं उचलून स्वयंपाकघरात आणलं. ठेवायला जागा नव्हती. जमिनीतल्या हीटिंगच्या जाळीशेजारी खोबरेलाची बाटली असायची. हिवाळ्यात प्रत्येक मराठी घरात ती तिथेच असायची, नाहीतर तेल बाटलीतून निघायचं नाही. तिच्या शेजारी, जाळीच्या कडेवर, मी खालच्या फडक्यासकट दगड ठेवले आणि पुसायला गेले.

मी परत आले तेव्हा बाबा चहाचा कप घेऊन जाळीपाशी वाकून उभे होते.

"याला घाम का आलाय?"

पांढऱ्या दगडावर थेंब जमले होते. पाण्याचे नाहीत, करडे, दाट. दगडाच्या कडेने ओघळून खालचं फडकं काळं झालं होतं. बाबांनी बोट लावलं, अंगठ्यावर चोळलं, वास घेतला. मग शेजारची बाटली उचलली. खालचं तेल पातळ झालं होतं, वर कडेला पांढरा गोळा चिकटून होता. त्यांनी बाटली हलवली, गोळा बघितला, दगड बघितला.

"पोर्चमध्ये किती गार असतं गं?"

"सकाळी बाटलीत बर्फ होईल इतकं."

"मग मी दगडावर लावत नव्हतो." ते खुर्चीत बसले. "तुपावर लावत होतो."

थंडीत खोबरेल थिजत होतं. पोलादाची भुकटी त्यात मिसळून दगडाच्या अंगात बसत होती आणि वर गुळगुळीत थर धरत होती. वस्तरा त्या थरावरून घसरत होता. लावताना तेल ओतलं जायचं ते जाळीजवळून नेलेलं, पातळ. दगडावर पडलं की मिनिटभरात थिजायचं, पण पांढऱ्यावर पांढरं, दिसायचं नाही.

त्यांनी लगेच पातेलं मागितलं. धुण्याचा सोडा घालून, गार पाण्यापासून हळूहळू तापवत, दगड उकळायला ठेवला. एकदम तापवला तर तडकतो. पाणी आधी चहासारखं झालं, मग कॉफीसारखं. आमच्या खोबरेलाच्या आधीचं न्हाव्याचं तेलही निघत असावं. घरभर कसल्यातरी केसांच्या औषधाचा वास सुटला. त्याच वेळी नवरा आला.

"हे खिरीचं पातेलं आहे," तो म्हणाला.

"मग खिरीच्या आधी घास."

"बाबा, मायनस टेम्परेचरला खोबरेल? सिरियसली?"

"ती बाई लाइट ऑइल म्हणाली. तुझ्या घरात याहून लाइट काय होतं?"

नवरा हसला. मग हसायचा थांबला, कारण बाबा पातेल्यातून चिमट्याने दगड काढत होते आणि चिमटा उजव्या हातात होता.

त्यानंतर बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसू लागले. तेल बंद. साबणाचं पाणी, लॅबमधल्यासारखं. पहिल्याच दिवशी आवाज बदलला. आधी काही ऐकू यायचं नाही. आता बारीक, सलग, रेशमाचा तागा ओढावा तसा आवाज यायला लागला. भाजी चिरताना मला तो ऐकू यायचा आणि मध्येच तुटला तर लक्षात यायचं, की हात दमला. तुटणं कमी होत गेलं.

फेब्रुवारीत त्यांनी माझ्या कंगव्यातला एक केस मागून घेतला. तो चिमटीत धरून वस्तऱ्याच्या धारेवर सोडला. केस खाली दोन तुकडे होऊन पडला. त्यांनी दुसरा केस मागितला. तोही तुटला.

"आता उद्या?" मी विचारलं.

"उद्या नको. आठवडाभर साबणाचा फेस आणि बिनधारेची पाठ. हात आधी रस्ता शिकू दे."

दाढी झाली ती कामाच्या दिवशी, सकाळी. नवरा निघायच्या तयारीत होता, तो बाथरूमच्या दारातच थांबला. मुलगी त्याच्या कमरेआडून डोकावत होती. बाबांनी गाल डाव्या हाताने ताणला आणि वरून खाली वस्तरा आणला. गाल झाले. वरचा ओठ झाला. हनुवटीखाली वळवताना मूठ थरथरली आणि नवऱ्याचा हात पुढे गेला.

"द्या, एवढं मी करतो."

बाबा थांबले. आरशातूनच त्याच्याकडे पाहिलं. नवऱ्याने हात मागे घेतला आणि खिशात घातला. बाबांनी श्वास सोडला, वस्तरा पुसला, पुन्हा लावला. जबड्याखाली एक लाल ठिपका उमटला. बाकी सगळं साफ.

"डज इट हर्ट?" मुलीने विचारलं.

"नो," बाबा म्हणाले. ठिपक्यावर तुरटी फिरवली आणि मराठीत पुढे म्हणाले, "थोडंसं."

नवरा ऑफिसला उशिरा गेला. जाण्याआधी त्याने स्वतःच ट्रॅव्हल एजंटला फोन लावला. मी पोळ्या करत होते, बाबा टेबलाशी चहा घेत होते.

"मे चालेल?" त्याने विचारलं. "सोलापूर तापलेलं असेल."

"तापू दे. माठ भरायला येतो मला."

"आणि बाई ठेवायची कामाला. रोज फोन करायचा."

"बाई ठेवीन. फोन रविवारी."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. नवऱ्याने फोनवर हात ठेवला. "वन वे की राउंड ट्रिप, विचारतोय."

बाबांनी कप खाली ठेवला. "राउंड ट्रिप काढ. परतीचं ऑक्टोबरचं. बर्फाच्या आधी येऊन जाईन."

नवऱ्याने फोनवर महिना सांगितला, मग स्पेलिंग सांगत राहिला. मी बाबांच्या पानात पोळी वाढली. ती त्यांनी उजव्या हाताने मोडली.