शोभाताईंसमोर केसांचं बोलायचं नाही!

किस्से काय मुद्दाम साठवावे लागत नाहीत. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसलं की आपोआप साठतात. पण शोभाताईंची केमो सुरू झाली, तेव्हा आम्ही लाईनवरच्या बायकांनी ठरवलं, ताईंशी केसांचा विषय काढायचा नाही! आणि मग लक्षात आलं, आमच्याकडे दुसरे किस्सेच नाहीत!

शोभाताई म्हणजे चाकणला आमच्या लाईन लीडर. मूळच्या लातूरकडच्या. आवाज खणखणीत आणि वेणी कमरेच्या खाली. आम्ही गाड्यांचे हेडलॅम्प जोडतो. आत एक केस राहिला तरी दिवा रिजेक्ट, म्हणून सगळ्यांच्या डोक्याला निळी टोपी. ताईंची वेणी आत कोंबली की टोपी टम्म फुगायची. स्टोअरवाला विचारायचा, "ताई, टोपी देऊ का पिशवी?"

उपचार संपले. डॉक्टर म्हणाले, कामावर जा. ताई म्हणाल्या, "केस आल्याबिगर मी तोंड दाखवत नसते!"

आम्ही हबकलोच. ताई आल्याच नाहीत तर? मग रोज फोन. "जेवलात का? भाजी काय केली?" शेवटी ताईच भडकल्या. "अगं, भाज्या ऐकून कंटाळले मी! केसांचं सांगा की. माझे गेलेत, तुमचे हायत ना?"

मग काय, सुटलोच!

*

वैशाली लाईनवर नवीन. स्कूटीवरून यायची, त्यामुळे मी तिला फक्त टोपीत बघितलेलं. वाकडच्या मॉलमध्ये एक बाई लिफ्टसमोर मधेच उभी. मी म्हटलं, "ओ मॅडम, सरका की जरा!" ती फणकारली, "तुम्हीच सरका!" आवाज ओळखीचा वाटला. मी दोन्ही हातांनी माझे केस टोपी घातल्यासारखे मागे दाबून धरले. तिनंही दाबले.

"अगं बाई, तू होय!"

*

ही वैशाली माण गावची. तिनं केस खांद्यापर्यंत कापले, तर सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. मग एका दुपारी हळूच, "व्हय गं, मान हलकी लागती का?"

"लागते की, आत्या."

"मंग मलाबी घिऊन चल. लई उकडतंय."

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी ओट्यापाशी पाठमोरी बाई बघितली आणि म्हणाले, "वैशाली, च्या टाक गं!" सासूबाईंनी मुकाट्यानं चहा केला, कप त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "घ्या मामंजी!"

हे ऐकून ताई इतक्या हसल्या की फोन त्यांच्या लेकीला घ्यावा लागला.

*

पुढचा किस्सा ताईंचाच, पण त्यांनी तो आमच्याकडून दोनदा वदवून घेतला. एकदा दिव्यात केस सापडला. क्वालिटीचे साहेब लालबुंद! "कुणाचा आहे हा?" ताईंनी केस चिमटीत धरून उजेडात नेला. बोटभर लांब, वरून काळा कुळकुळीत आणि मुळाशी पांढरा. तेव्हा आमच्यात एवढे आखूड केस कुणाचेच नव्हते. साहेबांचा हात आपोआप स्वतःच्या टोपीकडे गेला.

ताई हळूच म्हणाल्या, "डाय कुठला म्हणायचा, साहेब? आमच्या मालकांना पण पायजे!"

*

आणि एका सोमवारी बस संत तुकाराम नगरला थांबली, तर शोभाताई चढल्या! डोक्याला घट्ट स्कार्फ. मला तर रडूच आलं.

आत जायच्या दाराशी आमची रोज तपासणी असते. प्रत्येकीच्या टोपीच्या इलॅस्टिकखालून बोट फिरवून बघायचं. केस बाहेर दिसला तर तिनं रांगेच्या शेवटी जायचं. ताई रजेवर गेल्यापासून हे काम माझ्याकडे. स्कार्फ काढून, टोपी घालून ताई समोर आल्या. मी म्हटलं, "जा ताई, आत."

"मला का सोडतीस? बघ की नीट!" आवाज खणखणीत, पण माझ्याकडे बघत नव्हत्या.

मी बोट फिरवलं. मानेपाशी थांबले.

"ताई, केस बाहेर आलाय."

"खोटं बोलू नको!"

मी त्यांचं बोट धरून तिथं टेकवलं. बारीकसा, मऊ, काळा. ताई बोट काढेचनात. मी म्हटलं, "थांबा, आत सारते."

"हात लावू नको त्याला!" ताई ओरडल्या. "नियम म्हणजे नियम!"

आणि वळल्या, रांगेच्या शेवटी निघाल्या. जाताना एकेकीसमोर मान वाकवून विचारत होत्या, "बघ गं, दिसतोय का?"