मामांच्या मानेतली जादा बरगडी

आमच्या बेंबळीच्या मामांइतका आजार मिरवणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही. लोक जावई मिरवतात, बैलजोडी मिरवतात. मामा उजव्या हाताच्या मुंग्या मिरवायचे. हात खांद्याच्या वर गेला की बधिर व्हायचा, बोटं पांढरीफटक पडायची. लग्नात ते अक्षता कमरेच्या उंचीवरून टाकत, आणि त्या पुढच्या पाहुण्याच्या कॉलरमध्ये जात. ग्रामसभेत ठरावाला हात वर करायची वेळ आली की म्हणायचे, "मत हाय आपलं, पर हात न्हाय!" तेल, शेक, तांब्याचं कडं, सगळं झालं. मानेला पट्टा लावून ट्रॅक्टरवर बसले, तर समोरून येणाऱ्याला रामराम करायला अख्खा ट्रॅक्टर वळवावा लागे.

पण दहावीतल्या लेकीच्या बोटांनाही वेणी घालताना मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा मामी दोघांना सोलापूरला घेऊन गेल्या. मीही सोबत होतो. डॉक्टरांनी मामांचा हात वर धरून मान वळवायला लावली आणि म्हणाले, "नाडी लागत नाही."

"म्हंजे म्या गेलो का काय?" मामा ओरडले.

एक्स-रेत दोघांच्याही मानेशी जन्मतःच एकेक जादा बरगडी निघाली. हाताकडं जाणाऱ्या नसा तिथं दबत होत्या. डॉक्टर म्हणाले, "हे घराण्यातून आलेलं असू शकतं." मामांनी छाती फुगवली. लेकीला व्यायाम पुरणार होता. मामांची मात्र रक्तवाहिनीही दबल्यामुळं ऑपरेशन. छातीतली हवा तिथंच गेली. ठरल्या दिवशी ते कडब्याच्या गंजीमागं सापडले. लेक म्हणाली, "तुमी न्हाय गेलात, तर म्या बी व्यायाम करणार न्हाय."

गेले बिचारे. शुद्धीवर येताच पहिलं वाक्य, "बरगडी कुटंय माझी? घरी न्यायची हाय!" ती काही मिळाली नाही. मग लेकीबरोबर दोन-तीन महिने खांद्याचे व्यायाम झाले. लेकीच्या मुंग्या थांबल्या आणि मामांचा हात वर जाऊ लागला.

परवा गेलो तेव्हा मामा आपल्या वडलांचा, आण्णांचा, भिंतीवरचा फोटो पुसत होते. मी हाताचं कौतुक केलं, तर नेहमीसारखी फुशारकी आली नाही.

"आण्णा माळ्यावरची पेंडी बी काढायचे न्हाईत," ते म्हणाले. "हात मेलाय म्हणायचे. आमी समदे त्यांना आळशी म्हणायचो. म्या तर तोंडावर म्हणलोय."

मामा कोरड्या फडक्यानं काच पुन्हा पुसू लागले, खरं तर ती केव्हाच स्वच्छ झाली होती.