वकीलपत्रावरचं दुसरं नाव

आमच्या केळीच्या शेताची वाट शेजाऱ्याच्या शेतातून जाते. त्याने ती अडवली आणि माझे वडील, आबा, शहाद्याच्या कोर्टात गेले. वाट नाही म्हणजे ट्रक नाही, आणि ट्रक नाही म्हणजे घड झाडावरच पिकून सडणार. आमचं सगळं त्या वाटेवर होतं.

आमचे वकीलसाहेब नेक माणूस, पण वयाने कान गेलेले. कानातलं यंत्र शिट्टी वाजवायचं, म्हणून ते कायम खिशात. मग भर कोर्टात आबा त्यांच्या कानाशी वाकून आमचे मुद्दे सांगायचे. आबांचा आवाज शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारणारा. समोरचे वकील निवांत सगळं ऐकून घ्यायचे. मला हसूही यायचं आणि चीडही.

पुढच्या तारखेला शेजाऱ्याची उलटतपासणी होती. उत्तरच ऐकू आलं नाही, तर साहेबांना पुढचा प्रश्न सुचणार कसा? मी वकील बदलायचं काढलं. आबांनी जेवता जेवता हात थांबवला.

"मन्हा बापनी केस त्यास्नी लढी," ते म्हणाले. "त्यास्ले मी काढाव नई."

मी एका तरुण वकीलबाईंकडे गेले. त्यांनी सांगितलं, काढायची गरजच नाही. जुन्या वकिलांची हरकत नसेल तर वकीलपत्रावर दुसरं नाव जोडता येतं. मला भारीच नवल वाटलं. एका केसला दोन वकील, मग बोलायचं कोणी? आणि रुसायचं कोणी? वकीलबाई हसल्या आणि म्हणाल्या, आधी साहेबांची सही तर आणा.

घरच्या केळीची फणी घेऊन आम्ही साहेबांकडे गेलो. आबा तापीच्या पाण्याबद्दल बोलत राहिले, तेही ओरडून. मूळ गोष्ट काही तोंडातून निघेना. शेवटी मीच कागद पुढे केला. साहेब तो वाचत होते आणि मी त्यांच्या चेहऱ्यावरून नजर हटवत नव्हते. रागावतील की काय, मला बघायचंच होतं.

"मी तुमनी वाट देखी ऱ्हायंतू," ते म्हणाले. "सांगाले कोनी तयार नव्हतं."

त्यांनी सही केली. वकीलबाईंना बोलावून काय विचारायचं ते स्वतः समजावलं आणि आबांना ताकीद दिली, की आता कोर्टात माझ्या कानाशी यायचं नाही.

तारखेला दोघं वकील शेजारी बसले. वकीलबाईंनी साहेबांचाच प्रश्न विचारला: शेजाऱ्याच्या विहिरीचे पाइप कोणाच्या ट्रॅक्टरने आले होते?

"यांच्याच," आबांकडे बोट करत शेजारी म्हणाला.

कोणत्या वाटेने? तो आपल्या वकिलाकडे बघत राहिला. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं तेव्हा कुठे पुटपुटला, "तीच. पहिलेपासून तीच."

इतकं हळू, की मलाही जेमतेम कळलं. साहेबांनी मागे वळून आबांकडे पाहिलं. आबा सवयीने पुढे वाकले, तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी फक्त होकाराची मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते, माझेही.

न्यायाधीश ते उत्तर टाइप करणाऱ्याला मोठ्याने सांगू लागले. साहेबांनी घाईने खिशातलं यंत्र काढून कानात घातलं. ते शिट्टी वाजवत राहिलं, आणि कोर्टात कोणीही त्यांना ते बंद करायला सांगितलं नाही.